पेत्राचा धडा आणि आडवी लावलेली गाडी

त्या वर्षी ईस्टरआधीचे चाळीस दिवस घरात रोज सकाळी सहा वाजता शास्त्रवाचन करायचं, असं मी ठरवलं. मला कुणी तसं सुचवलं नव्हतं.

आम्ही मूळचे नगरचे, नोकरीमुळे चंदीगडच्या एका सोसायटीत राहणारे. घरात बायको सुनीता, तेरा वर्षांची रिया आणि नगरहून राहायला आलेली माझी आई. रियाला मराठी समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. शाळेतल्या हिंदीमुळे ती मराठी वाचतेही, फक्त 'ळ' दिसला की अडखळते.

नियम मीच केले. 'आमेन' म्हणेपर्यंत जागचं उठायचं नाही. तिसऱ्याच दिवशी कुकरची चौथी शिट्टी झाली म्हणून सुनीता उठली, तर मी तिला येशू घरी आलेला असतानाही स्वयंपाकात गुंतून राहिलेल्या मार्थेची गोष्ट ऐकवली. (दुपारी डब्यात करपलेली डाळ होती. फक्त माझ्या.)

शेवटच्या आठवड्यात पेत्राचा धडा आला. येशूला पकडून नेलंय, पेत्र अंगणात शेकोटीजवळ बसलाय आणि लोक त्याला विचारताहेत, तू त्याच्या माणसांपैकीच ना? कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील, असं येशूनं त्याला आधीच सांगितलेलं. रिया सावकाश वाचत होती. तेवढ्यात माझ्या खुर्चीशेजारचा इंटरकॉम वाजला. खालून वॉचमन बोलत होता.

"सर, ये सफ़ेद गाड़ी आपकी है? बाजवा साहब की गाड़ी निकल नहीं रही."

गाडी माझीच होती. आदल्या संध्याकाळी जागा मिळेना, म्हणून मी ती बाजवाजींच्या गाडीमागे आडवी लावली होती. पण मार्थेची गोष्ट ऐकवणारा माणूस धडा अर्धा टाकून पार्किंगमध्ये कसा जाणार? पाच मिनिटांचा तर प्रश्न होता.

"नहीं, हमारी नहीं," मी म्हणालो.

"कोण होतं?" आईनं विचारलं.

"काही नाही. रिया, वाच पुढे."

दोन ओळी झाल्या आणि पुन्हा इंटरकॉम.

"सर, स्टिकर पे तो आपका फ्लैट नंबर है."

"ठीक से देखो, किसी और का होगा."

सुनीतानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पुस्तकाकडे पाहिलं. मग दाराची बेल वाजली. मी उठलो. (नियम करणाऱ्याला थोडी सूट असते.) दारात स्वतः बाजवाजी, हातात बॅग.

"साल्वे जी, सात बजे की बस है मेरी, सेक्टर तैंतालीस के बसस्टैंड से. नीचे वो गाड़ी आपकी है?"

आता हो म्हणायचं, तर वॉचमनला दोनदा काय सांगितलं तेही सांगावं लागणार. माझ्या तोंडून निघून गेलं, "मैं तो उस गाड़ी को जानता ही नहीं जी."

त्याच क्षणी खाली वॉचमननं गाडी ढकलून पाहिली असावी, कारण तिचा अलार्म सुरू झाला. माझा हात आपोआप खिशात गेला, किल्लीचं बटण दाबलं गेलं आणि अलार्म बंद झाला. बाजवाजी माझ्या हातातल्या किल्लीकडे बघत राहिले.

आतून रियाचा शांत आवाज आला, "पापा, मुर्गा बोल गया."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हा धडा मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि दर वेळी मला पेत्राची कीव आली आहे. मी त्याच्या जागी असू शकतो, हे मात्र त्या सकाळपर्यंत कधी मनात आलं नव्हतं.

"बाजवाजी, गाडी मेरी है," मी म्हणालो. "तीन बार झूठ बोला. माफ़ कीजिए."

"आता त्यांना सोडून ये," आई म्हणाली. "राहिलेलं आल्यावर वाचू. आम्ही थांबतो."

सेक्टर त्रेचाळीसच्या वाटेवर मी बाजवाजींना सगळं सांगितलं. वाचन, नियम, पेत्र, शेकोटी. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"फिर उस पेत्र का क्या हुआ?"

"येशू ने माफ़ कर दिया. बाद में अपने सारे लोगों की ज़िम्मेदारी उसी को सौंप दी."

बसस्टँड आला. बाजवाजी बॅग घेऊन उतरले, खिडकीशी वाकले.

"बड़ा दिल था जी उनका. मैं तो आपको सोसायटी की पार्किंग कमेटी में भी ना रखूँ."

मी मान हलवली आणि गाडी वळवली. पार्किंग कमिटीचा अध्यक्ष मीच आहे, हे सांगायचा धीर झाला नाही.