विल्फची दुसरी नजर

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या फ्लीटवुडला उन्हाळी खेळ करायला येणारी नटमंडळी माझ्याकडे उतरायची. नवरा गेल्यावर वरच्या खोल्या मी त्यांनाच द्यायला लागले. नट म्हटला की खोलीभर पसारा, अवेळी जेवण आणि उन्हं वर येईपर्यंत घोरणं. त्यात विल्फ ऑर्मरॉड एवढाच असा, की तो घरात आहे की नाही हे खुंटीवरच्या टोपीवरून कळायचं.

विल्फ हा मॉरिस डेलचा जोडीदार. जोडीदार मी म्हणते. थिएटरच्या पाटीवर नाव एकट्या मॉरिसचं. मॉरिस बायकी झगा घालून रिकाम्या बाथटबमध्ये बसून बडबडायचा आणि विल्फ चहाचा ट्रे घेऊन समोरून आडवा जायचा. जाताना मॉरिसकडे बघायचा, अदबीने मान लववायचा, पुढे चालू लागायचा. एक पाऊल, दुसरं, तिसरं. मग थबकायचा आणि गर्रकन मान मागे. अख्खं थिएटर हसून लोळायचं. नटांच्या बोलीत याला डबल टेक म्हणतात. पहिल्यांदा नुसते डोळे बघतात, माणूस बघतो तो दुसऱ्यांदा. मॉरिसने एकदा माझ्या स्वयंपाकघरात करून दाखवलं, तर मान लचकल्यासारखं वाटलं.

"मधल्या पावलांत नाटक करायचं नसतं, बाई," विल्फ मला म्हणाला. "खरंच काही कळलेलं नसावं लागतं."

त्याला ते जमायचं, कारण तो होताच तसा. भाऊ लढाईत गेल्याची तार आली तेव्हा त्याने ती घडी करून खिशात घातली आणि विचारलं, अजून एक टोस्ट मिळेल का. पुढे कितीतरी दिवसांनी खाटकाच्या रांगेत उभ्या उभ्या हमसून हमसून रडला. मीच त्याला हाताला धरून घरी आणलं. "आमच्या विल्फची ट्यूब उशिरा पेटते," मॉरिस चारचौघांत म्हणायचा. त्या माणसाच्या जिभेला हाड नव्हतं.

आणि या धंद्याची एक रीत आहे. हशा कुणीही आणो, तो ज्याचं नाव पाटीवर त्याचा. खेळ संपला की विल्फच मॉरिसला म्हणायचा, "आज तुला काय हसले रे लोक." मला या रीतीचा संताप यायचा. विल्फला कधी आला नाही.

मग राणीच्या राज्याभिषेकापायी घरोघरी टेलिव्हिजन आले, थिएटरात खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या, आणि मॉरिसला लंडनहून बोलावणं आलं. बाथटबचाच खेळ, थेट प्रक्षेपण. जमलं तर दर शनिवारी. विल्फचं सगळं त्यावरच अवलंबून होतं. ना घर, ना बायको, आणि नुसतं वळून बघणाऱ्या माणसाला एकट्याला काम कोण देणार?

आम्ही गल्लीतल्या सगळ्या बायका शेजारच्या डोरिसच्या घरी दाटीवाटीने बसून तो कार्यक्रम बघितला. बाथटब दिसला, मॉरिस दिसला. विल्फ ट्रे घेऊन आला, मान लववली आणि चालत चालत पडद्याच्या कडेबाहेर गेला. थिएटरातल्यासारखीच तीन पावलं चालला बिचारा. तो कॅमेरा मॉरिसच्या तोंडावरून हलला नाही. तेवढ्यात आतून हशा उठला, असा की डोरिसचा टेलिव्हिजनचा पेटारा थरथरला. मॉरिस नुसता डोळे मिचकावत बसला होता.

"नुसता बसला तरी हसवतो मेला," डोरिस म्हणाली.

रविवारच्या गाडीने विल्फ परत आला. "कसा वाटलो, बाई?"

खोटं बोलणं मला जमत नाही. "तू दिसलाच नाहीस रे. मान वळवायच्या आधीच बाहेर गेलास."

"असं होय," तो म्हणाला. "चहा आहे का?"

मॉरिस आलाच नाही. त्याला शनिवार मिळाला, एकट्याला. त्याने निरोप धाडला, विल्फने मनाला लावून घेऊ नये. विल्फने लावून घेतलं नाही. तो माझ्याचकडे राहिला, कोळसा आणायचा, मासे साफ करायचा. शनिवारी डोरिसकडे सगळे जमले की टोपी घालून समुद्राच्या बाजूला निघून जायचा. थंडीत तिथे चिटपाखरू नसतं. मी खिडकीत उभी राहून वाट बघायची. घरात दोन माणसं, आणि दोघंही एकटी.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तो ओट्याशी हेरिंग मासे साफ करत होता. सुरी थांबली.

"बाई, मी दिसलोच नव्हतो?"

कधीची गोष्ट, हे मला विचारावं लागलं नाही. "नाही रे."

"मग लोक हसले कशाला?"

"तुला बघून. तिथे समोर बसलेल्यांना तू दिसत होतास."

"आणि घरोघरी?"

"घरोघरी मॉरिसचं तोंड दिसत होतं."

त्याने सुरी खाली ठेवली. हात माशांनी माखलेले, ते तसेच समोर धरून तो माझ्याकडे वळला.

"म्हणजे तो हशा माझा होता," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत 'माझा' हा शब्द मी त्याच्या तोंडून प्रथमच ऐकत होते. तो खुर्चीत बसला आणि रडू लागला, आणि माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, आता मी गप्प बसणार नाही, सगळ्या गल्लीला सांगते, त्या मॉरिसलाही लंडनला जाऊन तोंडावर सांगते.

त्याने बाहीला डोळे पुसले.

"मॉरिसला नको, बाई," तो म्हणाला. "त्याला अजून वाटतंय, तो हशा त्याचाच होता."