डोंडी सरली म्हणायचं राहिलं

शालिकभाऊंच्या करुणाचा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. हातात लाल पेन. "सर, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. सकाळी चहा घेतला, खाटेवर टेकले आणि मान कलली. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी "अरे अरे" म्हणालो, "निघतोच" म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर मनात पहिला विचार कोणता आला हे सांगायची लाज वाटते. पण आज सांगायलाच बसलोय. माझ्या कपाटाच्या खालच्या खणात शालिकभाऊंची कादंबरी चार वर्षं पडून होती. आता ती मला कुणी मागणार नाही, असं वाटलं... आणि क्षणभर हायसं वाटलं. असा मी मित्र!

शालिकभाऊ मेश्राम हे वाघबोडीचे कोतवाल. वाघबोडी आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे आणि माणसं नव्या गावठाणात. कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा माणूस. नोटिसा पोचवायच्या, साहेब आले की खुर्च्या मांडायच्या आणि डोंडी द्यायची. बाकीचा महाराष्ट्र जिला दवंडी म्हणतो, ती आमची डोंडी. मी अड्याळच्या शाळेत मराठी शिकवायला नवा होतो, तेव्हा वाघबोडीला पटनोंदणीला गेलो आणि चौकात त्यांना पहिल्यांदा ऐकलं. हातातल्या कागदावर 'सर्व संबंधितांस याद्वारे कळविण्यात येते' असं असणार, पण गळ्यात डफडं अडकवलेला हा उंच, काटकुळा माणूस म्हणत होता, "आयका हो आयका! ज्याच्या धानाले कीड लागली, त्यानं उद्या तलाठ्याकडे याचं. मंग म्हनू नोका का शालिकनं सांगतलं नाही!" आणि शेवटी डफड्यावर दोन थापा मारून, "डोंडी सरली होऽऽ!" ते ऐकल्यावरच बाया डोक्यावरच्या पाण्याच्या गुंड्या सावरत हलल्या. सरली म्हटल्याशिवाय हुकूम लागू होत नाही, अशी गावाची जुनी समजूत होती. तोवर जो जिथे असेल तो तिथेच उभा राहायचा. मला तेव्हा त्याची भारी गंमत वाटली होती.

गाव उठलं तेव्हा मी तिथे नव्हतो. पुढे आमची मैत्री झाल्यावर एकदा बशीतून चहा पिताना त्यांनी आपणहून सांगितलं. "गाव खाली करा म्हनाची डोंडी बी मीच देल्ली गुर्जी. समदं सांगतलं. तारीख सांगतली, ट्रक सांगतले. पन सरली म्हनलोच नाही. डफडं काढलं आन् घरी येऊन बसलो. लोकं समजले. दुपारवर तशेच उभे राहिले, बाप्पा."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? ट्रक आले. गेलो नं समदे. मी बी गेलो." त्यांनी बशी खाली ठेवली.

नव्या गावठाणाला कागदोपत्री नाव नव्हतं, क्रमांक होता. चार. दाखला काढायला गेलेल्या म्हातारीने गाव वाघबोडी म्हटलं, तर खिडकीतला माणूस म्हणायचा, ते नाव आता येत नाही, क्रमांक बोला. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता हो. कॉम्प्युटरात नाव नव्हतं, एवढंच. पण शालिकभाऊंना काही केल्या चैन पडेना. निवृत्त झाल्यावर घरात पडलेल्या जुन्या नोटिसांच्या कोऱ्या पाठीवर ते लिहायला लागले. सातवी शिकलेला माणूस! एक दिवस युरियाच्या पिशवीत तो गठ्ठा घेऊन माझ्या दारात उभे. "गुर्जी, हे वाचा. लोकं याले पागलपना म्हनतीन. तुमी काय म्हनता ते सांगा."

मी म्हटलं असेल गावच्या आठवणींचं काही. पण होती कादंबरी, आणि तीही न आलेल्या काळाची. त्या राज्यात दरवर्षी वरून एक यादी येते. त्या यादीतले शब्द उद्यापासून बोलायचे नाहीत. पहिल्या वर्षी साधेसुधे शब्द जातात. लोक हसतात, गेले तर गेले म्हणतात. मग 'काहून' जातो. काहून म्हणजे का. तो गेला आणि शाळेत पोरं गप्प, कचेरीत माणसं गप्प, घरात सुनेला उशीर काहून झाला तेही सासूला विचारता येईना. पण खरी मेख पुढे आहे. शब्द रद्द झाला हे गावाला सांगायचं कुणी? कोतवालाने. आणि सांगायचं तर तो शब्द एकदा उच्चारावाच लागणार! म्हणजे साऱ्या राज्यात रद्द झालेला शब्द कायद्याने बोलू शकणारा शेवटचा माणूस हाच. लांबलांबच्या गावांतून बाया काहीतरी कामाचं निमित्त काढून डोंडीला येतात, आपला शब्द शेवटचा कानावर पडावा म्हणून... हे मी एका बैठकीत दोनदा वाचलं. मी त्यांना म्हणालोही, "भाऊ, मी आयुष्यभर मराठी शिकवली, पण असं मला सुचलं नसतं."

ते लाजले. "कायले चढवून राहिले जी," म्हणाले.

भंडाऱ्याच्या एका ओळखीच्या संपादकांनी दिवाळी अंकात छापायचं कबूल केलं आणि प्रत तयार करायचं काम मी अंगावर घेतलं. करत करत शेवटच्या प्रकरणाशी आलो आणि माझा धीर सुटला. त्या प्रकरणात यादीत एकच शब्द येतो, बुडालेल्या गावाचं नाव. वाघबोडी, जसंच्या तसं. कोतवाल डोंडी देतो, पण सरली म्हणत नाही. न सरलेल्या डोंडीतला शब्द अजून रद्द झालेला नाही, म्हणून तो एका चौकातून दुसऱ्या चौकात आणि एका गावातून दुसऱ्या गावात तेच नाव घेत चालत राहतो. शिपाई मागे, पण पकडायचं कशासाठी? तो तर सरकारचंच काम करतोय! मी ते सगळं प्रकरण लाल पेनाने आडव्या रेघा मारून काढून टाकलं. शालिकभाऊंना बोलावलं आणि समजावणीच्या सुरात म्हणालो, "याशिवायही कादंबरी चांगलीच आहे. करुणाच्या सरकारी नोकरीचं पाहा, उगीच कुणाच्या डोळ्यांवर यायला नको."

त्यांनी पानं पाहिली. "कोनी म्हनलं का तुमाले? साहेबानं?"

"नाही, कुणीच नाही."

"कागद आला का?"

"नाही हो भाऊ."

"कोनी म्हनलं नाही, कागद आला नाही, आन् तुमी मिटवून मोकळे?" ते हसले, पण ते हसू मला अजून छळतं. "मंग माह्या कादंबरीतल्या सरकारले कामच काय उरलं गुर्जी?"

मी काहीबाही बोललो. ते उठले. "शेपूट कापलेली डोंडी मी देत नाही. राहू द्या तुमच्याजवळच. भेव गेलं का सांगा." त्यानंतरही ते यायचे, चहा प्यायचे, धानाचं आणि मासोळीचं बोलायचे. कादंबरीचा विषय त्यांनी परत काढला नाही आणि मी काढू दिला नाही. खरं सांगू? करुणाची नोकरी हे निमित्त होतं. भीती माझी होती. संस्थाचालक काय म्हणतील, बदली होईल का, कुणी फोन करेल का... आजतागायत कुणाचाही फोन आलेला नाही.

जलदानविधीच्या दिवशी शोकसभेत मला दोन शब्द बोलायला उभं केलं. शालिकभाऊ सज्जन होते, कष्टाळू होते, समाजाची हानी झाली, असं मी बोललो. छ्या! बोलताना माझंच तोंड कडू झालं. खाली बसलो तर करुणा जवळ आली. "सर, बाबांची कादंबरी तुमच्याजवळच आहे न?"

"आहे."

"पूर्ण आहे न?"

"हो," म्हणालो. ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. असे तीन आठवडे गेले. वर्गात उभा राहिलो की मुलांच्या वह्यांमधल्या माझ्याच लाल रेघा दिसायच्या. शेवटी गेल्या रविवारी युरियाची पिशवी स्कूटरला अडकवली आणि दुपारी गावठाणात जाऊन पोचलो.

शालिकभाऊंच्या ओसरीत पंधरावीस माणसं जमली. दाराजवळच्या खुंटीला डफडं टांगलेलं होतं. कातड्यावर त्यांच्या बोटांचा काळा, गुळगुळीत डाग. मी गठ्ठा सोडला आणि शेवटचं प्रकरण वर काढलं. लाल रेघा पाहून करुणाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "या रेघा सरकारच्या नाहीत. माझ्या आहेत. मी घाबरलो होतो, म्हणून तुमच्या शालिकचं पुस्तक निघालं नाही."

मग भागरताबाई, शालिकभाऊंची चुलत बहीण, ऐंशीच्या घरातली, म्हणाली, "आमी बी भेवलो होतो जी. तवाच त ट्रकात बसलो. वाचा आता."

मी वाचलं. लाल रेघांच्या खालून अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. माझ्या पेनाला तेवढंही नीट जमलं नव्हतं. वाघबोडी हे नाव पहिल्यांदा आलं तेव्हा कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. पुढे पुढे नाव आलं की ओसरीतले ओठ माझ्याबरोबर हलायला लागले. मी दोनदा थांबलो, पाणी प्यायलो. हे ऐकायला शालिकभाऊ हवे होते. माझ्याकडून चार वर्षांपूर्वी ऐकायला हवं होतं त्यांनी, आणि ते आता कशानेही होणार नाही. शेवटच्या पानावर कोतवाल नदीकाठच्या वाटेला लागतो. तिथे लिखाण थांबतं.

मी पान खाली ठेवलं. मग भागरताबाईने खुंटीवरच्या डफड्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "सरली का जी गुर्जी?"

"नाही जी," मी म्हणालो.

कुणीच उठलं नाही.