मेंदूतलं दुखणं

"थांबा, हात येऊ द्या," असं म्हणून ती पुस्तकांची चळत वाटेतल्या स्टुलावर ठेवायची आणि दोन्ही तळवे मांडीवर उलटे टाकून बसायची. एखादा विद्यार्थी विचारायचा, मावशी, हात गेले कुठं? ती चेहरा न हलवता सांगायची, "निरवांगीला राहिलेत. मागच्या एसटीनं येतील."

बारामतीतल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात ती शिपाई होती, रोज निरवांगीच्या घरून एसटीनं यायची; मी ग्रंथपाल. तुमच्याही कचेरीत असं कुणी असेल, दिसायला धडधाकट आणि कायम दमलेलं. अशा माणसाकडे आपण कसं बघतो, हे वेगळं सांगायला नको. पहिलं वर्षभर मीही तसंच बघितलं.

तिचं अंग सगळीकडून दुखायचं. झोपून उठली तरी दिवसभर ऊस तोडून आल्यासारखी असायची. रक्त तपासलं, एक्स-रे झाले, काही निघालं नाही. घरी सासूबाई म्हणायच्या, सोंग आहे. शेवटी इथल्याच एका डॉक्टरीणबाईंनी तिला तासभर बसवून समजावलं आणि या दुखण्याची माहिती इंग्रजीत छापलेला एक कागद दिला. तो मराठीत करून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

मी मन लावून केलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं, "हे दुखणं मेंदूत तयार होतं." वाक्य चूक नव्हतं. पण घरी दिरानं ते मोठ्यानं वाचलं आणि सासूबाईंनी ऐकलं ते एवढंच, की सुनेच्या डोक्यात बिघाड आहे. दुसऱ्या दिवसापासून तिच्या सात वर्षांच्या मुलीचं अंथरूण आजीच्या खोलीत गेलं. येड्या माणसाचा भरवसा काय, असं सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं.

हे तिनं मला फार उशिरा सांगितलं. मी वाक्य बदलून देते म्हणाले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मॅडम. आता कागदानं न्हाय व्हायचं."

कागदानं न झालेलं झालं ते विहिरीवर. वीज आली की पंप आपोआप सुरू करणाऱ्या बटणाला आमच्याकडे ऑटो म्हणतात. उन्हाळ्यात एका दुपारी वीज आली, विहीर कोरडी, आणि ऑटोवर राहिलेली मोटार घुमायला लागली. सासूबाई ओरडत धावल्या, मागोमाग ही. मोटार बंद केल्यावर हिनं विचारलं, "आत्या, हिरीत पाणी न्हाय, मग ही चालू कशापायी झाली?"

"ऑटोला काय कळतंय पाणी न्हाय ते."

"मग मोटार खोटं खोटं चालली व्हय?"

"खोटं कसं? हात लावून बघ, कसली तापलीया."

"माझं तसंच हाय, आत्या. काय झालेलं नसतंय, तरी आतला ऑटो दुखणं चालू करतोय. पर दुखतंय ते खरं."

सासूबाईंनी त्याच दिवशी मुलीचं अंथरूण परत आईजवळ आणून टाकलं. पुढे कुणी सुनेची चौकशी केली तर त्याच सांगायच्या, डोकं चांगलं हाय तिचं, ऑटो तेवढा नीट करायचाय.

तो नीट करणं मी रोज बघत होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दमायच्या आधी थांबायचं, दुखलं की सावकाश श्वास सोडायचा, शरीराला सांगायचं की धोका नाही, आणि चालणं थोडं थोडं वाढवायचं. तिनं आमची कपाटंच मापाला घेतली. एक आठवडा कवितेच्या कपाटापर्यंत, पुढचा कादंबऱ्यांपर्यंत. "आज इतिहास गाठला," असं सांगायची तेव्हा एखादा प्राध्यापक दचकून बघायचा. पुष्कळदा इतिहासातून पुन्हा कवितेत यावं लागायचं. दुखणं कधी पुरतं गेलं नाही. पण दोन वर्षांत ती मुलीची वेणी न थांबता घालू लागली, आणि तेवढं तिला पुष्कळ होतं.

गेल्या पावसाळ्यात डेंग्यूनं ती आठ दिवसांत गेली. या आजाराबद्दल कुणी शंका घेतली नाही. दवाखान्याच्या जिन्यात भेटायला आलेल्यांना उभं राहायला जागा नव्हती.

तेराव्यानंतर मी निरवांगीला गेले. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. अंगणाकडे बघत म्हणाल्या, "सा म्हैनं मी तिच्याजवळ लेकरू झोपू दिलं न्हाय. ती सा म्हैनं आता कुठनं आणू?"

मी म्हणाले, तो कागद माझ्या हातचा होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आतून मुलीनं दोन कप आणून आमच्यामध्ये ठेवले. त्यांनी एक कप माझ्याकडे सरकवला.

"च्या घ्या बाई," त्या म्हणाल्या. "निवतोय."