बाबांची पांढरी गोळी

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. त्यातली निम्मी प्रकरणं आता नीट आठवतही नाहीत. गारखेड्यातलं हे एक मात्र डोक्यातून जात नाही, कारण त्यात चूक माझीही होती.

निवृत्तीला वर्ष उरलं होतं. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात अजिंठ्याकडची एक बाई तणतणत ठाण्यात आली. तिचे वडील तीन आठवड्यांपूर्वी गावाहून मुलाकडे राहायला आले होते. तेव्हापासून दोनदा चक्कर येऊन पडले, आणि आदल्या दिवशी न्हाणीत पडून बेशुद्धच झाले. आता ते दवाखान्यात होते. रक्तदाब फारच खाली गेला आहे, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं.

"वहिनीच कायतरी चारती, साहेब. रोज सकाळी पांढरी गोळी हातावर ठेवती. गावाकडं बाबा ठणठणीत होते!"

अर्ज घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि महिला अंमलदाराला घेऊन त्या घरी गेलो. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा, हा नियम. सून तिशीची, शांत. इथल्या डॉक्टरची चिठ्ठी, गोळ्यांचं पाकीट, सगळं तिनं समोर ठेवलं. बीपीची गोळी, रोज एक. जितके दिवस झाले तितक्याच गोळ्या संपलेल्या. खरं तर मी इथंच थांबायला हवं होतं. पण पोलिसाची खोड! सगळं इतकं चोख दिसलं की आम्हाला आधी संशय येतो. तेच ते पुन्हा विचारलं, आवाज चढवून विचारलं. शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वडलांसारखं केलं त्यांचं, साहेब. आणखी काय सांगू?"

मी गोळ्या जप्त करून निघालो.

दुसऱ्या दिवशी म्हातारा शुद्धीवर आला. जबाब घ्यायला गेलो, तर लेक उशाशी बसलेली. तिला बाहेर काढायचं राहून गेलं, ते बरंच झालं.

"बाबा, गोळी कोण देतं तुम्हाला?"

"सूनबाई. चहा झाला की पांढरी देती. लई काळजी घेती."

"आणखी काही घेता?"

"व्हय, माझी गुलाबी. ती माझी मीच घेतो."

उशाला ठेवलेल्या बंडीच्या आतल्या खिशातून त्यानं चुरगळलेलं पाकीट काढलं. मी दोन्ही पाकिटं डॉक्टरांपुढं धरली. मागची बारीक अक्षरं वाचून त्यांनी कपाळावर हात मारला. कंपनी वेगळी, नाव वेगळं, रंग वेगळा, औषध तेच. म्हातारा रोज दुप्पट घेत होता.

"अहो, नवी गोळी देताना जुनी बंद करा म्हणून सांगितलं नव्हतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"सांगितलं की. पण गावचा डॉक्टर म्हणला होता, गोळी कधी सोडायची नाय. मंग म्या दोघांचंबी ऐकलं."

"निदान सुनेला तरी सांगायचं!" मी म्हणालो.

"तिला वाटलं असतं, माझ्या हातचं ह्यांना पटत नाय."

"मग ही गुलाबी आणून कोण देतं?"

म्हाताऱ्यानं लेकीकडं बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्याच," ती म्हणाली. "बाबाच म्हणले, वहिनीला बोलू नको." आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडायला लागली.

गुन्हा नव्हताच. अर्ज निकाली काढला. गोळी कोण देतं, हे मी घरभर विचारत फिरलो. म्हातारा स्वतः काय काय घेतो, हे विचारायला मात्र दुसरा दिवस उजाडला. आता मीही बीपीवाला आहे. डॉक्टरकडे जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून नेतो, आणि भेटेल त्याला सांगतो की बाबांनो, गोळी आपल्या मनानं चालू करू नका, आपल्या मनानं बंदही करू नका.

जप्त केलेल्या गोळ्या परत द्यायला गेलो, तेव्हा सून दारातच उभी राहिली.

"साहेब, तुम्ही आलात ते अख्ख्या गल्लीनं बघितलं. आता मी दूध आणायला गेले तरी बाया बोलायच्या थांबतात. त्यांना कोण सांगणार?"

मला मान वर करवेना. मी गणवेशातच होतो. खुर्ची मागितली आणि बाहेर, रस्त्याला लागून टाकली.

"चहा करा," म्हणालो. "तुमच्याच हातचा."

समोरच्या गच्चीवर दोन बाया उभ्या होत्या. त्यांच्याकडं बघत मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.