रुळाची जोडी आणि इंद्रभानचं वऱ्हाड

नागपूरकडून निघालेली मोठी सडक कापसाच्या काळ्या रानातून, मुरमाड माळांवरून आणि सागाच्या उतारांवरून औरंगाबादेकडं जाते. ती कुणी बांधली असं विचाराल तर सरकारी कागद कुण्या साहेबाचं नाव सांगतील. आमच्या शिरपुरात मात्र मालेगाव ते किन्हीराजा हा तुकडा इंद्रभाननंच बांधला असं ठासून सांगतात. हे धादांत खोटं आहे, पण गावाच्या अभिमानापुढं खऱ्याचं काय चालतं!

इंद्रभान रूळवाला होता. सडकेवर गिट्टी पसरली, मुरूम टाकला, पाणी शिंपलं की त्याचा दगडी रूळ फिरायचा. रुळाला त्याची स्वतःची जोडी, मोऱ्या आणि तांब्या. सव्वाशे पावलं पुढं, मग वळून सव्वाशे पावलं मागं. सात वर्षं हेच. माणूस देवासारखा, दारूला कधी न शिवलेला. पण सडकेवर राहणाऱ्याला पोरगी कोण देतो? तिशी उलटली तरी गडी बिनलग्नाचाच.

शेवटी किन्हीराजाच्या जानरावांनी होकार दिला. त्यांची थोरली सोजरबाई दारुड्या नवऱ्याचा मार खाऊन माहेरी परतली होती. त्यामुळं धाकट्या कस्तुराच्या वेळी त्यांनी एकच अट घातली, "दारूचा वास जरी आला, तं मांडवातून परत धाडीन." इंद्रभान खूश. ही अट तर तो झोपेतही पाळू शकत होता.

लग्न गोरज मुहूर्ताचं. वऱ्हाड म्हणजे एकच गाडी. तीत नवरदेव, त्याची बहीण रुपाबाई, ताशा घेतलेला फय्याज आणि गाडी हाकायला माझे वडील, रामधन. सकाळी पाहतात तर गाडीचा एक बैल लंगडा. मग काय, इंद्रभाननं मोऱ्या-तांब्या जुंपले. इथंच माशी शिंकली.

मालेगावापर्यंतची वाट कच्ची होती. काळ्या मातीतून जोडी अशी पळाली की फय्याजनं वाटेतच ताशा सुरू केला. वडील सांगायचे, "नवरदेव त मनातल्या मनात दोन लेकरांचा बाप होऊन बसला होता." मग मालेगाव मागं पडलं आणि पक्की सडक लागली. पायाखाली गिट्टी वाजली तसे बैलांचे कान टवकारले. सव्वाशे पावलं ते शिस्तीत चालले, झोकात वळले आणि मालेगावाकडं परत निघाले.

"अबे, कुठं चालले?" वडील ओरडले. कासरा ओढून त्यांनी बैल फिरवले. पुन्हा सव्वाशे पावलं, पुन्हा वळण. तिसऱ्या वेळी मात्र वडिलांचं डोकं फिरलं. त्यांनी चाबूक उचलला.

इंद्रभाननं तो हातातून काढून घेतला. "त्यायचा काय गुन्हा हाये, भाऊ? मीच शिकोलं त्यायले. आता मारू कायले?"

"मंग काय सडकेवरच मांडव घालता?"

तोडगा रुपाबाईनं काढला. "अर्धे वळतात, त पुरे वळू द्या ना! तोंड पुन्हा किन्हीराजाकडंच होईन."

आणि तस्संच झालं. बैल वळू लागले की वडील कासरा तसाच धरून ठेवायचे, गाडी एक अख्खी गिरकी घ्यायची आणि पुढं निघायची. सव्वाशे पावलं, गिरकी. सव्वाशे पावलं, गिरकी. फय्याजला तर चेवच चढला, गिरकी आली की तो ताशावर तोडा वाजवायचा. शेतात निंदणाऱ्या बाया खुरपी टाकून बांधावर आल्या. समोरून येणारा एक गाडीवाला हात जोडून बाजूला झाला, त्याला वाटलं ही काही नवसाची रीत असेल.

गंमत तिसऱ्या मैलापर्यंत टिकली. मग माळ फिरू लागला, साग फिरू लागले. उताराच्या वळणावर तर एका बाजूला दरड न् दुसऱ्या बाजूला खोल नाला. तिथंही जोडीनं गिरकी घेतली, आणि रुपाबाईनं डोळे मिटून माहेर-सासरच्या सगळ्या देवांना एका दमात हाक मारली. हसावं की ओकावं हे कुणालाच कळेना. नऊ मैल असे गेले.

किन्हीराजाला पोचले तेव्हा गुरं घरी परतत होती. मुहूर्त सापडला! इंद्रभान आनंदानं उडी मारून उतरला, मांडवाच्या खांबाला धरायला गेला आणि खांब नव्हता तिथं धरून सपशेल आडवा झाला. रुपाबाई व्याह्यांना सोडून गावच्या कोतवालाच्या पाया पडली. फय्याज ताशा समजून स्वतःचा गुडघा बडवत होता.

जानरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "ढोसून आले सारे!"

"नाई जी, बैल रुळाचे हायेत, गरगर फिरवत आणले," इंद्रभान बसल्या जागी डुलत म्हणाला. असं कारण शुद्धीवरचा माणूस देईल का? जानरावांनी वाकून त्याचं तोंड हुंगलं. वाटेतल्या भाकरीबरोबरच्या कांद्याचा वास आला.

"कांदा खाऊन वास लपोते! गाडी फिरवा. एक पोरगी बुडाली, दुसरी नाई बुडू देनार मी."

इंद्रभानच्या डोळ्यांत पाणी आलं. भोवळीनं त्याला धड उभंही राहता येईना, मग खरं ते पटवणार कसं?

तेवढ्यात आतून सारं ऐकत असलेली, मुंडावळ्या बांधलेली कस्तुरा घरातून बाहेर आली. बायका "अगं, अगं" म्हणेपर्यंत ती गाडीपाशी पोचलीसुद्धा. तिनं मोऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग पुठ्ठ्यावरून, मग तांब्याच्या मानेवरून. दोन्ही बैल तिनं सावकाश, चारी बाजूंनी पाहिले.

"बाबा, इकडं या," ती म्हणाली. "पाहा. एक वळ नाई यायच्या अंगावर. मुहूर्त हातचा चालला होता, गरगरून जीव जाऊन राह्यला होता, तरी या मानसानं बैलावर हात नाई उचलला. मले इथंच द्या."

दारात उभ्या असलेल्या सोजरबाईनं दंडावरच्या जुन्या वळांवर पदर ओढून घेतला. जानरावांनी ते पाहिलं. मग बैलांपाशी जाऊन त्यांनी मोऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि उपरण्यानं डोळे पुसले.

"भटजी, अंतरपाट धरा," ते म्हणाले. "आन् दोघंजण या इकडं, जवाईबापूले धरा."