दुसऱ्याची नजर

चिखलीहून लोणारला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. बाटली उघडायची असो की पिशवी, आधी समोरच्या सीटच्या लोखंडी दांडीला बोट टेकवायचा. मी बघत राहिले, तसा ओशाळून म्हणाला, "कामाची सवय हाय, काकू. आंगातली वीज अशी उतरवा लागते, नाही तं नाजूक पार्ट जळते." तो विमानांची रडार तपासून दुरुस्त करायचा. सुट्टीवर गावी निघाला होता.

माझी मुलगी त्याच वेळी पहिल्यांदाच विमानात होती आणि बाहेर आभाळ काळंभोर झालं होतं. मी त्याला ते सांगितलं आणि विचारलं, "ढगातून दिसतं का हो पायलटला?"

"रडारले दिसते."

"आणि तेच बिघडलं तर? सगळं तुमच्या एकट्याच्या भरवशावर?"

"माह्या भरवशावर कोणी राहत नाही. मी दुरुस्त केलं का दुसरा तपासते. मी कितीही सांगो, तो मानत नाही. म्हणून तं मले झोप लागते."

मुठीत धरलेला पदर मी सोडला. मेहकरच्या अलीकडे मुलीचा मेसेज आला, 'पोचले'. मी फोन पुढे केला. त्यानं दांडीला बोट टेकवून तो हातात घेतला, मेसेज वाचला.

"हे तिनं सांगितलं. आता तुम्ही तपासा. फोन लावा."

मी लावला.

"आई, बॅग घेऊन राह्यली ना मी, थांब जरा," ती वैतागली. तिचा वैताग इतका गोड कधी लागला नव्हता.

आवाज त्यालाही ऐकू गेला असावा. त्यानं मान मागे टेकवली आणि लोणार येईपर्यंत गाढ झोपला.