जुवेंतीनोच्या हृदयातली आडवाट

मिनास प्रांताच्या उत्तर भागात मातीच्या भिंतींच्या घरांत जी माणसं लहानाची मोठी झाली, त्यांना भिंतीच्या भेगेतला तो रक्तपित्या किडा चांगला ठाऊक आहे. चावतो लहानपणी, त्याचा रोग हृदयात मुरत राहतो, आणि हिशेब मागतो म्हातारपणी. जुवेंतीनोचे दोन भाऊ त्यानेच नेले. जुवेंतीनोने मोंतेस क्लारोस शहरात चाळीस वर्षं बस चालवली आणि निवृत्त झाला, त्याच वर्षी त्याचेही ठोके भरकटायला लागले.

डॉक्टरांनी छातीत, ठोके बिघडले की झटका देऊन ते ताळ्यावर आणणारं यंत्र बसवलं. यंत्राने जीव राखला खरा, पण वर्षभरात अकरा झटके दिले. घोड्याने लाथ घालावी तसा एकेक. जुवेंतीनोने धसकाच घेतला. एकटा फाटकापर्यंतही जाईना. मग डॉक्टरांनी नळी घालून हृदयातली बिघडलेली जागा आतून जाळली. महिन्याभरात पुन्हा लाथ.

तेव्हा त्यांनीच त्याला जुईज दे फोराच्या विद्यापीठात धाडलं. तिथे तार्सीला नावाची गणिताची तरुण बाई हृदयाच्या तपासणीतल्या चित्रांवरून संगणकावर समीकरणांचं हृदय उभं करायची. बायको अल्झीराला घेऊन तो गेला.

"हे माझं?" पडद्याकडे बघत त्याने विचारलं.

"तुमचंच, काका. हे करडं दिसतंय ते वण. त्यातून वीज नीट जात नाही, वाट काढत काढत हळू सरकते. कधीकधी वणाभोवतीच गोल फिरत राहते, आणि मग ठोके बिघडतात. ती कुठे फिरते तेच शोधायचंय."

पण पडद्यावरचं हृदय काही केल्या बिघडेना. तीन दिवस तार्सीला त्याला अवेळी ठोके देत होती आणि ते पुन्हा शहाण्यासारखं चालायला लागत होतं.

"भलतंच गुणी आहे हो हे," ती वैतागून म्हणाली.

"इथे गुणी आणि घरी मारकुटं," अल्झीरा म्हणाली. "यांचं नेहमीचंच. आणि कामात असताना कधी नाही हं. जेवून खुर्चीत टेकले, जरा डोळा लागला, की झटका."

तार्सीलाचा हात थांबला. "विसाव्यात? अहो मावशी, मी तर याला पळवून पळवून बघतेय."

तिने मूळ चाल संथ केली आणि मग एकच अवेळी ठोका दिला. लाट मागच्या भिंतीवरच्या वणात शिरली, रेंगाळली, दुसऱ्या टोकाने बाहेर पडली आणि पुन्हा आत वळली. फिरतच राहिली. जुवेंतीनो बघत होता. ज्याने भावांना नेलं ते आज पहिल्यांदा त्याला डोळ्यांनी दिसत होतं. भीती वाटायला हवी होती, पण त्याला हलकं वाटलं.

"वाट हृदयाच्या बाहेरच्या अंगाला आहे," तार्सीला म्हणाली. "म्हणून आतून जाळून थांबलं नाही."

डॉक्टरांनी तिची आकडेमोड तपासली. मग बरगड्यांखालून सुई घालून ते बाहेरच्या बाजूला पोचले. आडवाट तिथेच सापडली. ती जाळली.

चौदा महिने एकही झटका आला नाही. तेव्हा जुवेंतीनो अल्झीरासोबत चीजचा अख्खा गोळा आणि पेरूची वडी घेऊन जुईज दे फोराला गेला.

"काका, मी फक्त गणित केलं."

"माझ्या भावांच्या वेळी ते करायला कोणी नव्हतं, पोरी," तो म्हणाला. त्याने चीजचा गोळा तिच्यापुढे सरकवला.

तार्सीलाने विचारलं, "ते हृदय विद्यार्थ्यांना शिकायला ठेवू का?"

"ठेव की. बिघडव हवं तेवढं."

अल्झीरा तोवर चीज कापायला सुरी शोधत होती.